‘तुम्ही जा, मी बॅगा सांभाळते’: घरच्यांना घेऊन अंदमानात स्नॉर्कलिंग

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इअरफोन लोकलच्या गर्दीत शहीद झालेत, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. अडखळणं आणि ‘म्हणजे’, ‘म्हणजे’ काढून टाकलंय. बाकी बोलले तसंच आहे.

तर झालं असं. चार वर्षांपूर्वी आम्ही घरचे चौघं अंदमानला गेलो होतो. आई, बाबा, मी आणि माझी धाकटी बहीण. आपल्याकडची मंडळी अंदमानला जातात ती बहुतेक सेल्युलर जेल बघायला. सावरकरांची कोठडी, संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो, आणि मग ‘आलोच आहोत तर’ समुद्र. आमचंही तसंच होतं. सहा दिवसांत नऊ ठिकाणं. त्यातलं एक ठिकाण म्हणजे ‘स्नॉर्कलिंग, कॉम्प्लिमेंटरी’.

हे कॉम्प्लिमेंटरी स्नॉर्कलिंग कसं असतं सांगते. बोटीतून उतरलात की एक मुलगा येतो, ढिगातला एक मास्क उचलून तुमच्या तोंडावर चढवतो, ‘नाक से साँस नहीं लेना’ असं एकदा सांगतो आणि रबरी रिंग धरायला लावून पाण्यात ओढत नेतो. दहा मिनिटं, फार तर पंधरा. आईची तीन मिनिटांत संपली. मास्कमध्ये पाणी शिरलं, ती घाबरली, नाकाने श्वास घेतला, खारं पाणी थेट डोक्यात गेलं. बाहेर आली, खोकली, टॉवेल गुंडाळला आणि म्हणाली, “तुम्ही जा, मी बॅगा सांभाळते.”

हे वाक्य तुमच्याही घरात असणार. वॉटरपार्कला, ट्रेकला, रोपवेला, सगळीकडे कुणीतरी एक जण बॅगा सांभाळतं, आणि आपल्याला वाटतं की त्यांना आवडतच नाही. मलाही तसंच वाटलं होतं. परत आल्यावर सहा महिन्यांनी आई सहज बोलून गेली, “तुम्ही बघितलेले मासे खरंच निळे होते का गं?” आणि मला कसंतरीच झालं. लाख-दीड लाख खर्च करून आपण तिला एका रिंगवर तीन मिनिटं टांगून परत आणलं होतं.

दोन वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी प्लॅन मी केला, आणि घरातल्या सगळ्यात जास्त घाबरणाऱ्या माणसाला धरून केला. आजचा एपिसोड त्याबद्दल आहे.

आधी जागेचं बोलू. ‘अंदमानच का?’ हा प्रश्न इन्स्टावर खूप जणांनी विचारला. प्रवाळ बघायला भारतात मोजक्याच जागा आहेत. लक्षद्वीपची खाजणं स्नॉर्कलिंगसाठी अंदमानपेक्षा सोपी. चारी बाजूंनी प्रवाळाची भिंत, आत तळ्यासारखं शांत पाणी. पण तिथे जायला आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो, विमानतळ अगत्तीला एकच, राहायच्या सोयी कमी. मालवण-तारकर्ली आपलं घरचं आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्कलिंग चालतं, मासेही दिसतात, पण नद्यांच्या गाळामुळे पाणी अंदमानइतकं स्वच्छ नसतं. सरावाला मात्र मालवण झकास. आणि एक गंमत: कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा अख्खा प्रवाळी पठारच आपल्या किनाऱ्यासमोर आहे, आंग्रिया बँक. पण तो विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, भर समुद्रात. तिथे आईला घेऊन जायचा विचारही करू नका.

तर अंदमान. विमान पोर्ट ब्लेअरला उतरतं. २०२४ पासून शहराचं अधिकृत नाव श्री विजयपुरम. हॅवलॉक बेटाचं नाव २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप. तिकिटं बघताना दोन्ही नावं दिसतात. बेटं तीच आहेत, नाहीतर दोनदा बुकिंग कराल. बोलताना तिथलेही लोक हॅवलॉक, नील असंच म्हणतात, मीही तसंच म्हणणार आहे.

महिना कोणता? मे-जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी पाऊस, आणि तो गेला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्येचा. म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुट्टीत तिथे अजून पाऊस असू शकतो. हे बऱ्याच जणांना तिकडे पोचल्यावर कळतं. डिसेंबर ते एप्रिल हा चांगला काळ. त्यातही मला विचाराल तर फेब्रुवारी-मार्च. समुद्र शांत, पाणी नितळ, आणि नाताळची गर्दी ओसरलेली. बारावीची परीक्षा असलेलं कुणी घरात असेल तर अडचण आहे, ते मान्य. पाणी वर्षभर कोमट असतं, २७ ते ३० अंश. थंडीची काळजी नको.

आता महिन्याइतकीच महत्त्वाची गोष्ट, आणि ही एकाही पॅकेजवाल्याने आम्हाला सांगितली नव्हती. भरती-ओहोटी.

प्रवाळ उथळ पाण्यात वाढतं, कारण त्याला ऊन लागतं. अंदमानात दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते, आणि उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी दोनेक मीटर वरखाली होते. दोन मीटर म्हणजे एका उंच माणसापेक्षाही जास्त! ऐन ओहोटीला प्रवाळावर गुडघाभर पाणी उरतं. त्यात पोहायला गेलात तर पोट खरवडून निघेल आणि प्रवाळही मोडेल. पाणी जोरात ओसरत असेल तर ते तुम्हाला बाहेर, खोल समुद्राकडे ओढतं. नवशिक्यांसाठी बरी वेळ म्हणजे भरती पूर्ण होत आलेली असते तेव्हा, आणि पूर्ण झाल्यावर पाणी थोडा वेळ थबकतं ते. ओढ कमी, पोटाखाली पुरेसं पाणी.

आपल्या कोळीवाड्यातला हिशोब माहीत आहे ना? तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार पावणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. माझ्या मैत्रिणीच्या आजोबांनी शिकवलेला हा हिशोब मुंबई-कोकणात अगदी छान चालतो. अंदमानात चालत नाही, कारण तिथल्या भरतीच्या वेळा वेगळ्या. पण त्यातलं एक तत्त्व तिथेही लागू आहे: अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, आणि अष्टमीच्या आसपास भांग. भांगाच्या दिवसांत पाणी कमी वरखाली होतं, ओढही कमी. म्हणून मी विमानाची तिकिटं काढायच्या आधी कालनिर्णय उघडलं आणि पाण्यात उतरायचे दिवस अष्टमीच्या पुढेमागे येतील असं बघितलं. बहीण हसत होती. “स्नॉर्कलिंगचा मुहूर्त काढतेयस का?” हो, काढतेय! वेळेसाठी फोनवर पोर्ट ब्लेअरचं टाइड टेबल शोधा, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशीची भरती साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते हे लक्षात असू द्या.

दुसरं घड्याळ सूर्याचं. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच भारतीय. त्यामुळे डिसेंबरमध्ये पाचच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला काळोख पडायला लागतो. ‘निवांत नाश्ता करू, अकराला निघू’ असं केलंत तर दिवस हातातून गेला. आम्ही साडेसातला पाण्यात होतो. सकाळी वारा कमी, गर्दी कमी, आणि खाली वाळू ढवळलेली नसते.

आता खरी तयारी. ती अंदमानात होत नाही, घरी होते.

आई का घाबरली होती? मला आधी वाटायचं, तिला पोहता येत नाही म्हणून. पण लाइफ जॅकेट घातलं की बुडायचा प्रश्न येत नाही, आणि तिथे ते घालायलाच लावतात. तिची भीती श्वासाची होती. तोंड पाण्यात असताना श्वास घ्यायचा, हे अख्खं शरीर नको म्हणतं. लहानपणापासून आपण उलटंच शिकलेलो असतो. आणि ही सवय बोटीवर दोन मिनिटांत बदलत नाही.

म्हणून मी तीन महिने आधी एक मास्क आणि नळी विकत आणली. पहिला आठवडा आई सोफ्यावर बसून, मास्क लावून, तोंडात नळी धरून मालिका बघायची. रोज दहा मिनिटं. बाबा दार उघडायला गेले की शेजारच्या काकू आत डोकावून बघायच्या आणि काहीच न बोलता परत जायच्या. त्याने काय होतं, तर नाक बंद आणि तोंडाने श्वास, याची ओळख पटते. मग बादली. मोठ्या टबात पाणी भरून त्यात तोंड घालायचं. पहिल्यांदा पाच सेकंद, मग वीस, मग एक मिनिट. श्वास सोडताना हळू आणि लांब सोडायचा, ही एकच युक्ती मी तिला दिली. घाबरलो की आपण भराभर आणि अर्धवट श्वास घेतो, मग नळीतली वापरलेली हवाच पुन्हा आत येते, आणि दम लागल्यासारखं वाटतं. मग भीती अजून वाढते. लांब उच्छ्वासाने हे चक्र तुटतं.

तिसऱ्या महिन्यात पालिकेच्या तलावावर, उथळ बाजूला, महिलांच्या बॅचमध्ये. तिथल्या प्रशिक्षकांना आधी विचारलं. त्यांनी चार दिवस नळी वापरू दिली. तिथे ती दोन गोष्टी शिकली. नळीत पाणी गेलं तर जोरात ‘हू’ करून फुंकायचं, पाणी वरून कारंज्यासारखं उडतं. आणि मास्कमध्ये पाणी आलं तर घाबरून मास्क ओढायचा नाही, डोकं बाहेर काढून शांतपणे खालची कड उचलायची, पाणी निघून जातं. या दोन गोष्टी हाताला आल्या की समुद्रात काही बिघडलं तरी काय करायचं ते माहीत असतं. आधी तिला ते माहीत नव्हतं, एवढाच फरक.

मास्क स्वतःचाच घ्या, निदान घाबरणाऱ्या माणसासाठी तरी. भाड्याचे मास्क वापरून वापरून कडक झालेले असतात. विकत घेताना पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकेच हवा आत ओढा आणि हात सोडा. पडला नाही तर तो तुमचा. पडला तर पुढचा बघा. केसांची एखादी बट कडेखाली आली तरी पाणी गळतं, म्हणून आईचे केस मागे घट्ट बांधले. मिशीवाल्यांची अडचण जरा मोठी. बाबांची मिशी तीस वर्षांची आहे. नाकाखालची वरची कड थोडी कातरली की काम होतं असं मी सुचवलं. त्यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा झाली. नाही कातरली. काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकी चोळून धुवायची हा जुना उपाय आहे. आईला ते किळसवाणं वाटलं म्हणून आम्ही बेबी शॅम्पूचा एक थेंब वापरला. तोही चालतो.

चष्मा? नंबरचे मास्क मिळतात, दोन्ही डोळ्यांना वेगवेगळ्या नंबरच्या तयार काचा बसवून. लांबचं दिसत नसेल तर हा खर्च करा. आईला उणे चार आहे. पहिल्या ट्रिपला ती चष्मा काढून पाण्यात उतरली होती. म्हणजे घाबरली नसती तरी तिला मासे दिसलेच नसते! हे माझ्या डोक्यात दोन वर्षं आलं नव्हतं.

कपड्यांचं पटकन सांगते. सुती सलवार-कुर्ता पाण्यात जड होतो आणि पायात अडकतो. लांब बाह्यांचा स्विमिंगचा टॉप आणि लेगिंग घ्या, साध्या दुकानात मिळतात. अंग झाकलेलं राहतं, ऊनही लागत नाही. स्नॉर्कलिंगमध्ये पाठ, मान आणि पोटऱ्या तासभर उन्हाकडे असतात आणि पाण्यामुळे कळतही नाही. रात्री कळतं. कपड्यांनी अंग झाकलं की सनस्क्रीन फक्त चेहरा, मान आणि हातापायांना लागतं. ते झिंक ऑक्साइडचं बघा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही दोन रसायनं प्रवाळाला घातक ठरू शकतात म्हणून हवाईमध्ये २०२१ पासून त्यांच्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आहे. बाटलीवर पुढे ‘रीफ सेफ’ कुणीही छापू शकतं, मागची यादी वाचा.

आता मार्ग. विमानातून उतरल्या दिवशी पाण्यात जाऊ नका. आपल्याकडून बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूला विमान बदलून जावं लागतं, पहाटे दोनला उठलेले असतो, सगळे चिडलेले. तो दिवस सेल्युलर जेलला द्या. दुसऱ्या दिवशी फेरीने हॅवलॉक, खासगी बोटीने साधारण दीड ते अडीच तास. मळमळणाऱ्यांनी गोळी बोटीत बसायच्या आधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर नाही. फेरीची तिकिटं विमानाच्या पाठोपाठ काढा. आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच राहा. हवा बिघडली तर फेऱ्या रद्द होतात, मग बेटावर अडकलेल्या माणसाचं विमान काही थांबत नाही.

हॅवलॉकला स्नॉर्कलिंग म्हणजे एलिफंट बीच. जेट्टीवरून बोटीने अर्धा तास, किंवा जंगलातून चालत साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त. राधानगर बीच तुम्ही फोटोत बघितलाय तो, सूर्यास्ताचा. सुंदर आहे, पण तिथे प्रवाळ बघायला जायचं नसतं. एलिफंट बीचला सकाळची पहिली बोट पकडा आणि गाइडशी आधीच बोला: आम्हाला पंधरा मिनिटांची फेरी नको, दोन माणसांसाठी एक गाइड, पाऊण तास, जास्तीचे पैसे देतो. बहुतेक जण तयार होतात. सगळ्या ट्रिपमधला हाच खर्च मी कधीच कमी करणार नाही. हॉटेलचा समुद्राकडचा व्ह्यू सोडा, वाटल्यास.

नीलवर भरतपूर बीचचं पाणी उथळ आणि शांत, लहान मुलांसाठी बरं. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या बाजूला, दगडी कमानीपाशी, उलटा हिशोब: तिथे ओहोटीला जायचं. खडकांत पाण्याची डबकी उरतात आणि त्यात समुद्रकाकड्या, खेकडे, छोटे मासे पाण्यात न उतरताही दिसतात. ज्यांना कुठल्याही परिस्थितीत तोंड पाण्यात घालायचंच नाही, त्यांच्यासाठी ही जागा. फक्त पायाखाली बघून, खडकावरच पाय ठेवत चाला.

वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं जॉली बॉय बेट प्रवाळासाठी नावाजलेलं आहे. उद्यान १९८३ चं. वनखात्याचा परवाना आधी काढावा लागतो, सोमवारी बंद असतं, आणि वापरून फेकायचं प्लास्टिक नेता येत नाही. जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटं आलटून पालटून बंद ठेवतात, म्हणजे प्रवाळाला विश्रांती मिळते. जाण्याआधी कोणतं उघडं आहे ते विचारा.

आमचा प्लॅन असा होता: एक दिवस पाण्यात, एक दिवस काहीच नाही, मग पुन्हा पाण्यात. मधला रिकामा दिवस बाबांना पटत नव्हता, “एवढे पैसे भरून झोपायला आलोय का?” पण पहिल्या दिवशी भीती गेली तरी माणूस दमतं. मजा दुसऱ्या वेळी येते.

घडलं काय? पहिल्या सकाळी आईने किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दहा मिनिटं नुसतं तोंड पाण्यात घातलं. वाळूशिवाय काहीच नव्हतं खाली. गाइडला मी सांगितलं होतं, ओढायचं नाही, ती हात करेल तेव्हाच निघायचं. मग तिने हात केला.

आणि बाबा? बाबा गावच्या विहिरीत पोहायला शिकलेले. त्यांना सराव नको होता, मास्क गळत होता आणि विहिरीत पोहणारा माणूस दमला की करतो तेच त्यांनी केलं: पाय टेकायला जागा शोधली. खाली प्रवाळ होतं. तळपायाला दीड इंचाची चीर. प्रवाळाची जखम वाईट चिघळते, कारण त्याचे बारीक कण आत राहतात. स्वच्छ पाण्याने खूप वेळ धुवायची, जंतुनाशक लावायचं, आणि लालसर सूज वाढायला लागली तर डॉक्टर. त्यांना बरं व्हायला दोन आठवडे लागले. त्या ट्रिपला पुढचे दोन दिवस बॅगा बाबांनी सांभाळल्या.

त्यांनी जे मोडलं त्याबद्दलही बोलायला हवं. प्रवाळ म्हणजे दगड नाही, झाडही नाही. प्राणी आहेत ते, मुगाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान, हजारोंनी एकत्र राहणारे, स्वतःभोवती चुन्याचं घर बांधणारे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळं राहतात, ती उन्हात अन्न तयार करतात आणि भाडं म्हणून त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतात. पाणी नेहमीपेक्षा फार तापलं की हा संसार मोडतो. शेवाळं बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरंफटक दिसायला लागतं. ते लगेच मरत नाही, पण उपाशी असतं. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असं मोठ्या प्रमाणावर झालं, आणि २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं मोठं विरंजन जाहीर केलं. मोठे गोटे असलेलं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. म्हणजे बाबांच्या पायाखाली जे मोडलं ते कदाचित माझ्या वयाचं होतं.

म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवा की रील्समधल्यासारखे निऑन रंग दिसणार नाहीत. निरोगी प्रवाळही बरंचसं तपकिरी, शेवाळी दिसतं, कारण तो रंग त्या शेवाळांचा असतो. शिवाय पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, चार-पाच मीटरवर सगळं निळसर होतं. बरेच तुकडे मेलेलेही दिसतील. रंग मासे आणतात. काळे-पिवळे पट्टेवाले फुलपाखरू मासे, समुद्रफुलात लपलेला क्लाउनफिश, आणि पोपटमासा. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडतो, आणि पाण्याखाली तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. आई वर आली तेव्हा पहिलं वाक्य हेच होतं, “अगं, कुणीतरी कुरमुरे खातंय खाली!” कुरतडलेला चुना बाहेर पडतो तो वाळू होऊन. आपण ज्या पांढऱ्या वाळूवर फोटो काढतो त्यातली बरीच वाळू या माशांनी पचवलेली आहे. हे ऐकल्यावर बहिणीने सँडल घातले.

किनाऱ्यावरचा मेलेला तुकडाही उचलून आणू नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. विमानतळावर बॅग स्कॅन होते.

मगरींबद्दल विचारलं होतं कुणीतरी. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि २०१० मध्ये हॅवलॉकला स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका पर्यटक महिलेचा मगरीने जीव घेतला. हे लपवण्यात अर्थ नाही. धोक्याच्या पाट्या असतात तिथे उतरू नका. खाडीचं तोंड, खारफुटी आणि संध्याकाळची वेळ टाळा, आणि जिथे गाइड व जीवरक्षक असतात त्याच बीचवर जा.

आता उरलेले प्रश्न भराभर घेते.

अख्खा चेहरा झाकणारे मास्क? मी टाळते. नाकाने श्वास घेता येतो म्हणून नवशिक्यांना आवडतात, पण पाणी शिरलं तर पटकन काढता येत नाहीत, आणि आतली वापरलेली हवा नीट बाहेर पडत नसेल तर चक्कर येऊ शकते.

बीपी, दमा, हृदयाचा त्रास? आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि ‘पोहणार आहे’ असं नाही, ‘तोंड पाण्यात घालून नळीने श्वास घेणार आहे’ असं सांगा. दोन्हींत फरक आहे. हॅवलॉकवर उपचाराच्या सोयी मर्यादित आहेत, मोठं इस्पितळ पोर्ट ब्लेअरला.

पाळी आली तर? कप किंवा टॅम्पॉन वापरत असाल तर खुशाल उतरा, पॅड पाण्यात निरुपयोगी. पहिल्यांदाच कप वापरणार असाल तर तो प्रयोग बेटावर नको, दोन महिने आधी घरी करा.

फोन? बॉक्सवर आयपी ६८ लिहिलेलं असलं तरी ती चाचणी गोड्या पाण्यातली असते. खारं पाणी चार्जिंगच्या खाचेत गेलं की वॉरंटीवाले हात वर करतात. गळ्यात अडकवायचा पाऊच घ्या, आधी त्यात टिश्यू घालून बादलीत बुडवून बघा. ओल्या पाऊचवर टचस्क्रीन ऐकत नाही, म्हणून व्हिडिओ सुरू करूनच पाण्यात जा, किंवा आवाजाच्या बटणाने फोटो काढा. पहिल्या दिवशी मात्र फोन किनाऱ्यावर ठेवा, कारण एक हात आईच्या हातात लागतो. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून तिथलं नेटवर्क बरंच सुधारलंय, तरी बीचवर यूपीआय अडकतं. रोख ठेवा.

आणि शेवटचा, कोल्हापूरच्या एका श्रोत्याचा: “आम्ही मित्र स्कूबा पण करणार आहोत, चालेल का?” चालेल, पण स्कूबानंतर १८ ते २४ तास विमानात बसायचं नाही, म्हणून ते ट्रिपच्या सुरुवातीला ठेवा. नुसत्या पृष्ठभागावरच्या स्नॉर्कलिंगला हा नियम नाही. आमच्या आईने तर निघायच्या आदल्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा पाऊण तास काढला. गाइड वर यायला सांगत होता आणि ती हाताने ‘थांब जरा’ करत होती.